लेझर-आरशांचा घरगुती अलार्म: उगाच वाजणं, न वाजणं आणि सकाळी सरकलेला ठिपका

रात्री दोन वाजता कुणी नसताना ठणाणा, आणि दिवसा माणूस त्याच वाटेने चालत गेला तरी चिडीचूप. स्वस्तातला लेझर अलार्म ज्यांनी बनवला आहे त्यांना हे सांगायला नको. दुरुस्तीला माझ्याकडे येणारे, मग ती विज्ञान प्रदर्शनाची मुलं असोत की गच्चीवर अलार्म लावलेले काका, सगळे सर्किट पिशवीत घालून आणतात आणि आरसे घरीच ठेवून येतात. दोष बहुतेक वेळा त्या घरी राहिलेल्या आरशांत असतो.

इथे गृहीत धरलेली जुळणी अशी: ६५० नॅनोमीटरचं लाल लेझर मॉड्यूल (वर ५ मिलिवॅट लिहिलेलं), दोन ते चार साधे काचेचे आरसे, शेवटी एलडीआर (उजेड पडला की ज्याचा रोध कमी होतो तो सेन्सर), त्याच्यामागे एलएम३९३ कम्पॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारी चिप), ५५५ टायमर किंवा आर्डुइनो बोर्ड, आणि बझर. किरण आरशांवरून फिरून एलडीआरवर पडतो; वाटेत कुणी तो अडवला की बझर वाजतो. पुण्यात पासोड्या विठोबापाशी किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एकाच गल्लीत मिळतं.

लक्षणं

– संध्याकाळी नीट लावला, सकाळी ठिपका सेन्सरच्या बाजूला. आरशाची बैठक.
– रात्री चालतो, दिवसा किरण अडवला तरी वाजत नाही. बाहेरचा उजेड, किंवा चुकीचा रेझिस्टर.
– तिन्हीसांजेला दिवा लावला की क्षणभर टुक् करून गप्प, पुन्हा टुक्. किडे किंवा ट्यूबलाइट.
– सुरुवातीला ठीक, काही तासांनी सतत वाजत राहतो. लेझरचे सेल.
– किरण अडला की वाजतो, मोकळा झाला की बंद. हा बिघाड नाहीच. सर्किटला लॅच, म्हणजे एकदा सुरू झालेला बझर वाजत ठेवणारी सोय, नाही.
– बझर वाजू लागला की रिले (विजेवर चालणारा स्विच) कटकट करतो, आर्डुइनो रीसेट होतो. सप्लाय.

आपलं लक्षण यात सापडलं तरी तपासणी वरूनच सुरू करा. पहिल्या तीन गोष्टींना पैसे लागत नाहीत, आणि त्या न करता आयसी बदलणारे लोक मी बरेच पाहिलेत.

हात लावण्याआधी

५ मिलिवॅट ऐकायला किरकोळ वाटतं. १ मिलिवॅटच्या आतला लेझर डोळ्यात गेला तर पापणी पाव सेकंदात मिटते आणि सहसा निभावतं. ५ मिलिवॅट त्याच्या वरच्या वर्गात मोडतो, आणि स्वस्त मॉड्यूलवरच्या आकड्यावर विसंबू नये. चांगल्या आरशातून परतलेला किरणही जवळजवळ तितकाच तीव्र असतो. म्हणून ठिपका शोधायला आरशात डोकवायचं नाही. पांढरा कागद किरणात धरायचा आणि कागदाकडे पाहायचं. घरात लहान मूल असेल तर किरणाची उंची ठरवताना त्याचा डोळा कुठे येतो ते बघा. गुडघ्याची उंची मोठ्यांसाठी ठीक, रांगत्या बाळासाठी अजिबात नाही. किरण रस्त्याकडे किंवा आभाळाकडे निघत असेल तर वाटेच्या टोकाला काळी पाटी लावा, म्हणजे आरसा पडला तरी किरण बाहेर जाणार नाही. हिरवे पॉइंटर या कामाला वापरू नका: त्यांची ताकद तापमानाप्रमाणे वरखाली होते आणि त्यातून न दिसणारे अवरक्त किरणही बाहेर पडू शकतात.

१. फडकं

आरसे, लेझरची भिंग आणि एलडीआरचं तोंड पुसा. वाटेत कोळ्याचं जाळं आहे का बघा. अंधारात किरणाच्या रेषेत चमकणारे ठिपके दिसले तर जाळं किंवा धूळ आहे.

याला महत्त्व का, तर घरातला आरसा सगळा प्रकाश परत देत नाही. एका आरशातून ८५ टक्के परतला असं धरलं तर चार आरशांनंतर उरतो ५२ टक्के. धुळीने हाच आकडा ७० वर आला की चौथ्या आरशानंतर चोवीस टक्केच. एकेका आरशावरची धूळ डोळ्याला फारशी दिसत नाही, पण गुणाकार होत जातो. पावसाळ्यात कोकणात पहाटे आरशावर दमट थर बसतो, तेव्हाही हेच होतं. तिथे आरसे जितके कमी तितकं बरं. खरं तर सगळीकडेच. दोन आरशांत काम होत असेल तर केवळ जाळं झकास दिसतं म्हणून सहा लावू नयेत.

लेझरच्या भिंगेवर पांढुरकी साय दिसली आणि ती पुसूनही जात नसेल, तर मॉड्यूल झटपट गोंदाने चिकटवलेलं असणार. त्या गोंदाची वाफ जवळच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बसते. मॉड्यूल बदला आणि नवं एम-सीलमध्ये किंवा क्लिपमध्ये बसवा.

२. सेल

की-चेनच्या लेझरमध्ये तीन बटन सेल असतात. ते क्षणभर दाबून वापरण्यासाठी आहेत. सतत चालू ठेवले तर रात्रभरही टिकत नाहीत. लेझर मंद झाला की सर्किटच्या लेखी किरण अडलाच, म्हणून अलार्म पहाटे वाजतो आणि घरचे चोर आला म्हणून उठतात. मॉड्यूल ५ व्होल्टच्या मोबाइल चार्जरवर चालवा. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी थेट जोडू नका. जास्त व्होल्टेजने लेझर डायोड जळला तर तो विझत नाही, साध्या एलईडीसारखा मंद लाल पेटत राहतो. 'लेझर चालू आहे, ठिपका मात्र पडत नाही' याचा अर्थ हाच.

वीज गेली की लेझर बंद, आणि सेन्सर बॅटरीवर असेल तर अलार्म सुरू. हे मी तसंच ठेवतो. लेझरची वायर तोडली तरी अलार्म वाजलाच पाहिजे. भारनियमनाचा त्रास फार असेल तर लेझर आणि सेन्सर दोन्ही एकाच छोट्या पॉवर बँकेवर टाका; मात्र कमी करंट घेतला की काही पॉवर बँक स्वतःहून बंद होतात, ते आधी तपासा.

३. उजेड

दिवसा एलडीआरवर हाताची सावली धरा. सावलीत अलार्म नीट चालत असेल तर दोष उजेडाचा.

हिशोब करून पाहा. ५ मिलिवॅटचा ठिपका ५ मिलिमीटर व्यासाचा असेल तर त्याचा उजेड साधारण अठरा हजार लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. थेट ऊन एक लाख लक्सपर्यंत जातं. उन्हात ठेवलेल्या एलडीआरला लेझर आहे की नाही हे कळणंच शक्य नाही, प्रीसेट (कम्पॅरेटरची पातळी ठरवणारा फिरता रेझिस्टर) कितीही फिरवा. उपाय फुकटचा: जुन्या बॉलपेनची नळी आतून काळी करून, पाच-सात सेंटिमीटर लांब, एलडीआरवर चढवा. नळीचं तोंड खिडकीकडे किंवा पश्चिमेकडे नको. सेन्सर आणि लेझर यांची जागा अदलाबदल केली तरी कित्येकदा भागतं.

नळी लावली की एक नवी अडचण येते: किरण नळीत सरळ शिरला पाहिजे. नळीच्या तळाशी, एलडीआरच्या पुढे, दुधी प्लास्टिकचा तुकडा बसवा. ठिपका त्या तुकड्यावर कुठेही पडला तरी प्रकाश पसरून एलडीआरपर्यंत पोचतो. थोडा प्रकाश वाया जातो, पण त्या बदल्यात मिळणारी सवलत मोठी आहे.

४. आरशाची बैठक

इथे वेळ घालवा. आरसा एक अंश कलला की परतलेला किरण दोन अंश वळतो. पाच मीटरवर हे साडेसतरा सेंटिमीटर होतं. उलट्या बाजूने मोजलं तर आणखी दचकायला होतं: दहा सेंटिमीटर उंचीच्या आरशाची वरची कड ०.०५ मिलिमीटर, म्हणजे वहीच्या कागदाच्या जाडीच्या निम्म्याने, पुढे झुकली तर पाच मीटरवरचा ठिपका पाच मिलिमीटर सरकतो. एलडीआरची चकती साधारण तेवढीच असते. डबल टेप रात्रीतून याहून जास्त ओघळतो. थर्मोकोल दबतो, पुठ्ठा दमटपणाने फुगतो, दार आपटलं की पार्टिशनची भिंत हलते. ज्या दाराचं रक्षण करायचं त्याच दाराच्या चौकटीवर आरसा लावणारे असतात. तिथे दुसरं काय होणार?

तपासायची रीत अशी. ठिपक्याभोवती सेन्सरच्या पाटीवर पेन्सिलने खूण करा. आरशाला बोटाने हलकेच टिचकी मारा. ठिपका थरथरून त्याच खुणेवर परतला तर बैठक ठीक. नव्या जागी थांबला तर बैठक सैल. प्रत्येक आरशावर हे करा, सुरुवात लेझरजवळच्या आरशापासून, कारण त्याची चूक पुढच्या सगळ्या वाटेत वाढत जाते. सगळ्यात भक्कम बैठक त्यालाच द्या. लेझर मॉड्यूलवरही टिचकी मारायला विसरू नका.

टिकणारी बैठक बनवणं अवघड नाही. आरसा प्लायच्या छोट्या तुकड्यावर सिलिकॉनने चिकटवा. तो तुकडा तीन एम४ स्क्रूंवर भिंतीतल्या दुसऱ्या तुकड्याला जोडा, मध्ये बॉलपेनच्या स्प्रिंगा. एक स्क्रू कोपऱ्यात स्थिर. दुसरा वर-खाली, तिसरा डावं-उजवं. एम४च्या स्क्रूचा एक फेरा ०.७ मिलिमीटर पुढे जातो. स्क्रूंमध्ये पाच सेंटिमीटर अंतर असेल तर एका फेऱ्यात पाच मीटरवरचा ठिपका चौदा सेंटिमीटर हलतो, पाव फेऱ्यात साडेतीन. म्हणजे हाताने ढकलत बसण्यापेक्षा कितीतरी शांतपणे जमतं. जमलं की स्क्रूच्या डोक्यावर नेलपॉलिशचा थेंब.

किरण परत त्याच दिशेने आणायचा असेल तर दोन आरसे पुस्तकाच्या पानांसारखे अगदी काटकोनात चिकटवून वापरा. ही जोडी उभ्या अक्षाभोवती थोडी फिरली तरी परतणारा किरण समांतरच राहतो, फक्त किंचित बाजूला सरकतो. पुढे-मागे झुकण्याला मात्र ही युक्ती लागू नाही.

आरशाच्या जातीबद्दल दोन शब्द. मेकअपच्या डबीतला आरसा कधीकधी मोठं दाखवणारा, म्हणजे अंतर्वक्र असतो. तो ठिपका फैलावतो. प्लास्टिकचा आरसा वाकतो. साध्या काचेच्या आरशात चांदीचा मुलामा मागच्या बाजूला असतो, त्यामुळे काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून साधारण चार टक्क्यांचा दुसरा, फिकट ठिपका निघतो. तीन आरशांनंतर भिंतीवर ठिपक्यांची रांगच दिसते आणि घाईत लोक फिकट ठिपका सेन्सरवर आणून ठेवतात. सगळ्यात तेजस्वी कोणता ते खात्री करून घ्या. भंगारात जुना स्कॅनर मिळाला तर त्यातल्या लांब पट्ट्यांचा मुलामा पुढच्या बाजूला असतो. या कामाला त्यांच्यासारखा आरसा नाही. त्यांना फक्त फडकं लावायचं नाही, ओरखडे पडतात. हवेने धूळ उडवा.

लेझरच्या पुढची पितळी कडी फिरवून ठिपका बारीक करता येतो. फोकस करताना मोजायची ती संपूर्ण वाट, सगळ्या आरशांतून सेन्सरपर्यंत.

५. रेझिस्टर आणि प्रीसेट

इथून मल्टिमीटर लागेल. एलडीआर सुटा करून दोन माप घ्या: लेझर पडत असताना, आणि लेझर अडवून पण खोलीतला उजेड तसाच ठेवून. समजा पहिलं ५०० ओहम आणि दुसरं १० किलोओहम आलं.

जवळपास प्रत्येक आकृतीत एलडीआरसोबत १० किलोओहमचा रेझिस्टर दाखवलेला असतो. ५ व्होल्टवर, एलडीआर वर (प्लसकडे) आणि रेझिस्टर खाली (मायनसकडे), असा जोड असेल तर मधल्या बिंदूला लेझर असताना ४.७६ व्होल्ट आणि नसताना २.५ व्होल्ट मिळतात. रात्री चालून जातं. सकाळी खोलीत उजेड वाढून दुसरं माप दीड किलोओहमवर आलं की तिथे ४.३५ व्होल्ट होतात. आता दोन्हींत अर्धा व्होल्टही अंतर नाही, आणि तुम्ही रात्री प्रीसेट ठेवला होता साडेतीनवर. अलार्म दिवसा न वाजण्याचं कारण हे.

१० किलोओहमच्या जागी १ किलोओहम लावा. तीच दोन मापं ३.३३ आणि २ व्होल्ट होतात. अंतर तिप्पट. नियम सोपा आहे: दोन्ही मापांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा, त्याच्या जवळचा रेझिस्टर घ्या. तयार मॉड्यूलवरचा १० किलोओहमचा बारीक रेझिस्टर काढायची गरज नाही. त्याला समांतर १.२ किलोओहम जोडला की साधारण एक किलोओहमच होतो. मॉड्यूलवर एलडीआर बहुधा खालच्या बाजूला असतो, तेव्हा व्होल्टेज उलट दिशेने हलेल. अंतराचा हिशोब तोच.

प्रीसेट मधोमध लावा, पण दिवसाच्या सगळ्यात उजेडाच्या वेळी. आर्डुइनोमध्ये ठरावीक आकडा लिहून ठेवला असेल तर तोही तेव्हाच ठरवा.

६. किडे, ट्यूबलाइट

दिव्याभोवती किडे, किड्यांमागे पाल, आणि पालीची शेपटी किरणात. हे थांबवायला क्षणभराचा अडथळा दुर्लक्षित केला पाहिजे. किती क्षण? सेकंदाला १.२ मीटर चालीने जाणाऱ्याचा बारा सेंटिमीटर रुंद पाय किरण १०० मिलिसेकंद अडवतो. दोन सेंटिमीटरचा पतंग सेकंदाला दोन मीटरने उडत गेला तर १० मिलिसेकंद. मधे कुठेतरी, ५०च्या आसपास, रेघ ओढायची. कम्पॅरेटरच्या आधी १० किलोओहम आणि ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर म्हणजे ४७ मिलिसेकंद. दोनशेवर नेलं तर किडे बंद होतील आणि चालणारा माणूसही सुटेल. पालीला यात उपाय नाही. दिवा तिथून हलवा.

चोकवाली ट्यूब सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते, आणि सेन्सरचं व्होल्टेज प्रीसेटने ठरवलेल्या पातळीच्या अगदी जवळ असेल तर कम्पॅरेटरचं आउटपुट थरथरतं. आउटपुटपासून प्लस इनपुटला २२० किलोओहम ते १ मेगाओहम जोडला, आणि त्या इनपुटच्या वाटेत १० किलोओहम असला, की ही थरथर जाते. एलएम३९३चं आउटपुट स्वतः वर जात नाही, त्याला सप्लायकडे १० किलोओहम लागतो. सुट्या आयसीवर बांधणारे हा रेझिस्टर हमखास विसरतात.

७. उरलेलं सर्किट

लॅचसाठी ५५५ मोनोस्टेबल (एकदा सुरू झाला की ठरावीक वेळ चालू राहणारा) पुरतो: १०० किलोओहम आणि ४७० मायक्रोफॅरडला साधारण ५२ सेकंद. त्याच्या ४ नंबरच्या पायाला प्लस द्या, ५ नंबरला ०.०१ मायक्रोफॅरड. आर्डुइनोत बझर वाजवताना डिले टाकला असेल तर तेवढा वेळ तो सेन्सरकडे बघतच नाही. बझर नुसता टिक करत असेल तर तो पॅसिव्ह जातीचा आहे, त्याला टोन द्यावा लागतो.

रिलेच्या कॉइलवर उलटा १एन४००७ डायोड, सप्लायवर ४७० मायक्रोफॅरड. या दोन गोष्टींनी कटकट थांबते. सेन्सर सर्किटपासून दूर असेल तर एलडीआरच्या लांब वायरा ओढण्याऐवजी कम्पॅरेटर सेन्सरपाशीच ठेवा; लांब वायर घरातल्या वायरिंगची गुणगुण उचलते.

एवढं करूनही उन्हाच्या जागी जमत नसेल तर लेझर ठरावीक गतीने चालू-बंद करून सेन्सरने तेवढीच गती ओळखायची, हा खरा इलाज. त्याला एलडीआर मंद पडतो, फोटोडायोड किंवा फोटोट्रान्झिस्टर लागतो. पहिल्यांदाच सोल्डरिंग करणाऱ्याने याच्या वाटेला जाऊ नये. दारापुरतंच रक्षण हवं असेल तर चुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आला की जुळणारा स्विच) लावा; त्याला ना ऊन लागत, ना धूळ.

कुठे थांबायचं

सायरन किंवा हॅलोजन २३० व्होल्टचा असेल तर रिलेच्या त्या बाजूला वायरमनलाच हात लावू द्या. ब्रेडबोर्डवर २३० व्होल्ट कधीही नाही.

लेझर डोळ्यात गेला आणि नंतर डाग, धूसरपणा किंवा रेषा वाकड्या दिसू लागल्या तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि लेझरचं स्पष्ट सांगा. दुखत नाही म्हणून थांबू नका. पडद्याची इजा दुखत नाही.

रानडुकरांसाठी शेताच्या कडेला हा अलार्म लावणारे कधीकधी विचारतात की रिलेवरून तारेत करंट सोडता येईल का. नाही. त्याने माणसं मरतात आणि तो गुन्हा आहे. त्याविषयी मी पुढे बोलतही नाही.

आणि दुकान, गोदाम किंवा दागिने असलेलं घर राखायचं असेल तर हा अलार्म त्या कामाचा नाही. किरणाची उंची कळली की माणूस वरून पाय टाकून जातो. तिथे एकावर एक दोन किरण एकदम अडले तरच वाजणारे तयार बीम सेन्सर मिळतात. ते बसवून घ्या, आणि बसवणाऱ्याला देखभालीला कधी येणार ते आधीच विचारून ठेवा.